गुठळी होण्याआधीचे दहा मायक्रोसेकंद

दूध, रक्त, शाई, भिंतीचा रंग, इंजेक्शनच्या कुपीतले औषध. दिसायला हे सगळे द्रवच. पण त्यांच्या पोटात नॅनोमीटरच्या मापाचे असंख्य कण दाटीवाटीने हिंडत असतात. द्रव पातळ राहणार की घट्ट होणार, औषधात गुठळ्या धरणार की नाही, हे बरेचसे त्या हिंडण्यावर ठरते.

ही अखंड चळवळ १८२७मध्ये स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांत बारकाईने पाहिली. १९०५मध्ये आइन्स्टाइन यांनी तिचे गणित मांडले. झाँ पेराँ यांनी ते प्रयोगाने पडताळले आणि १९२६चे नोबेल मिळवले. पेराँ यांचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत तरी होते. प्रथिनाचा रेणू त्यांच्याहून कितीतरी लहान; पाण्यात स्वतःच्या आकाराएवढे अंतर तो साधारण एका मायक्रोसेकंदाच्या आसपास पार करतो. साध्या लेझरचा इथे निभाव लागत नाही. दुधासारख्या द्रवात प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, आणि शेजारच्या दोन रेणूंमधल्या अंतरापुढे त्याची तरंगलांबी फारच मोठी पडते.

क्ष-किरणांची तरंगलांबी या मापाला पुरेशी लहान असते. एकसंगत, म्हणजे लाटेला लाट जुळलेला, क्ष-किरण नमुन्यातून गेला की डिटेक्टरवर ठिपक्यांची नक्षी उमटते. लेझर पॉइंटर भिंतीवर रोखला की प्रकाशाच्या डागात चमचमता रवाळपणा दिसतो, त्याच जातीची ही नक्षी. कण हलले की ती बदलते. आधीचे आणि नंतरचे चित्र किती जुळते, ते जुळणे किती वेळात ओसरते, एवढे मोजले की कणांची गती कळते. एकेका कणाचा माग काढावा लागत नाही. सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, ही पद्धत १९९०च्या दशकापासून वापरात आहे. मात्र तिथला एकसंगत प्रकाश तुटपुंजा असल्याने ती मुख्यतः संथ हालचालींपुरती राहिली.

ही उणीव भरून काढली जर्मनीतल्या युरोपियन एक्सफेल या क्ष-किरण लेझरने. हॅम्बुर्गपासून शेनेफेल्डपर्यंत ३.४ किलोमीटर पसरलेले हे यंत्र २०१७मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. ते सेकंदाला क्ष-किरणांचे २७,००० स्पंद देऊ शकते, पण समान अंतराने नाही. सेकंदातून दहा वेळा स्पंदांची माळ सुटते. माळेतल्या दोन स्पंदांत अवघे २२० नॅनोसेकंद. या वेगाला पुरा पडणारा एजीआयपीडी डिटेक्टर एका माळेतली ३५२ चित्रे साठवतो.

खरी कसोटी पुढेच आहे. इतका प्रखर किरण ज्या द्रवाला पाहतो त्यालाच तापवतो. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्यातल्या कणांवर माळ सोडली, तेव्हा जास्त तीव्रतेला पाणी उत्कलनबिंदू ओलांडूनही १०० मायक्रोसेकंदांपर्यंत न उकळता राहिले. पहिल्या २० मायक्रोसेकंदांत तर कणांची गती तापमान आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या नेहमीच्या सूत्रातही बसेना.

मग प्रथिनांचे काय? २०२२च्या अभ्यासात प्रतिपिंडांचे दाट द्रावण घेऊन किरणांची एकूण मात्रा आणि ती देण्याचा वेग, दोन्ही बदलून पाहिले. मात्रेचा सरासरी वेग मायक्रोसेकंदाला १.०६ किलोग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) खाली ठेवला, तर साधारण दहा मायक्रोसेकंदांपर्यंत रेणूंची स्वतःची हालचाल टिपता येते. त्यानंतर किरणांमुळेच रेणू एकमेकांना चिकटू लागतात. प्रतिपिंडांची औषधे अशाच दाट द्रावणांत भरली जातात, म्हणून हा अवधी मोलाचा.

कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस-२ या अशाच क्ष-किरण लेझरने २०२३मध्ये पहिला क्ष-किरण दिला. सेकंदाला दहा लाख स्पंदांपर्यंत जाण्यासाठी त्याची रचना आहे. स्पंदांचे आकडे असेच चढत जातील आणि त्यांच्या बातम्याही येतील. वाचकाने अशा प्रत्येक बातमीला एक प्रश्न जरूर विचारावा: नमुन्यावर किरणांची मात्रा किती आणि किती वेगाने पडली? ते आकडे दिलेले नसतील, तर मोजलेली गती कणांची की किरणांनी लादलेली, हे ठरवता येणार नाही.