रम्माण : दिग्दर्शकाविना उभे राहणारे गावाचे संगीतनाट्य

संगीतनाट्याच्या निर्मितीचा विचार करताना नाटककार, संगीतकार, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार असा चमू सामान्यतः गृहीत धरला जातो. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील सलूड-डुंग्रा या जोडगावांत दरवर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात साजऱ्या होणाऱ्या ‘रम्माण’ उत्सवात असा नामनिर्देशित चमू आढळत नाही. तरीही ग्रामदैवत भूमियाल देवतेच्या मंदिराच्या प्रांगणात रामकथेचे गायन, मुखवटाधारी नृत्ये आणि स्थानिक आख्याने दरवर्षी सादर होतात. युनेस्कोने २००९ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत रम्माणचा समावेश केला. परीक्षार्थी बहुधा वर्ष आणि राज्य तेवढे लक्षात ठेवतात; या निर्मितीमागील श्रमविभागणी मात्र त्याहून अधिक उद्बोधक आहे.

येथे भूमिका जात, कुल आणि वय यांनुसार ठरलेल्या असतात. पूजाविधी ब्राह्मणांकडे असतो. नरसिंहाचा अत्यंत पवित्र मुखवटा धारण करण्याचा अधिकार केवळ क्षत्रिय भंडारींना आहे. जागरी हे परंपरागत गायक आख्याने गातात, तर ढोल-दमाऊ वाजविण्याचे काम दास समाजाकडे असते. ज्या घरी देवतेचा वर्षभर निवास असतो, त्या कुटुंबाला कडक दिनचर्या पाळावी लागते. रामकथेचे प्रसंग संवादांपेक्षा ताल आणि पदन्यास यांच्या आधारे उलगडतात. ताल-पदन्यासांची एकूण संख्या ३२४ सांगितली जाते. एवढा विस्तार ज्यांच्या स्मरणात आणि हातांत आहे, ते ढोलवादक हेच या प्रयोगाचे खरे संचालक म्हटले पाहिजेत.

रामकथेबरोबर गावाचे स्वतःचे जीवनही येथे अवतरते. ‘बनिया-बनियाइन’ या व्यापारी दांपत्याच्या कथेत वाटमारीचे संकट आहे, ‘माल’ नृत्यात गुरखे आणि गढवाली यांच्यातील युद्धाची स्मृती आहे, तर शेतातील तण उपटणारा ‘कुरजोगी’ ग्रामस्थांना मनमुराद हसवितो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत असा उत्सव ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो. त्यामुळे खर्च आणि श्रम टाळून लाभ घेण्याची प्रवृत्ती संभवते. प्रत्येक घटकाची जबाबदारी परंपरेने निश्चित केल्याने ही अडचण बव्हंशी दूर होते. तालीम, मानधन आणि व्यवस्थापन यांवरील रोख खर्चही मर्यादित राहतो.

तथापि, याच रचनेत तिची दुर्बलता दडलेली आहे. भूमिका जन्माने ठरत असल्याने एखादे कुटुंब स्थलांतरित झाल्यास पर्यायी कलावंत सहज मिळत नाही. गढवाल-कुमाऊँच्या डोंगराळ भागातून होणारे स्थलांतर सर्वश्रुत आहे. २००१ ते २०११ या दशकात पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्षात घटली. चमोलीत तशी घट झाली नाही, परंतु शिक्षण आणि रोजगारासाठी तरुण मैदानी शहरांकडे जाण्याचा ओघ तेथेही आहे.

यात ढोलवादकाचा प्रश्न सर्वाधिक नाजूक आहे. ज्याच्याशिवाय उत्सव सुरूच होऊ शकत नाही, त्याला पारंपरिक जातिव्यवस्थेने खालचे स्थान दिले. गढवालमध्ये अशा सेवांचा मोबदला ‘डडवार’ म्हणून धान्याच्या रूपाने देण्याची प्रथा होती. शेतीवरील अवलंबन कमी होऊन रोख व्यवहार वाढल्यावर त्या धान्याचे मोल घटणे स्वाभाविकच होते. उत्सवाच्या दिवसांत मिळणारा मान वर्षभराच्या उपजीविकेची जागा घेऊ शकत नाही. वादकाच्या मुलाने शहरातील नोकरी पत्करली, तर त्याला परंपराद्रोही ठरविणे अन्यायकारक होय. त्याच्या दृष्टीने तो निर्णय आर्थिक आहे, तसाच सामाजिक मुक्तीचाही आहे.

अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा युनेस्कोचा करार २००३ चा असून भारताने त्यास २००५ मध्ये मान्यता दिली. वारसा जपणाऱ्या समुदायांचा शक्य तितका व्यापक सहभाग त्यात अपेक्षित आहे. परंतु ‘समुदाय’ हा एकजिनसी नसतो. रम्माणच्या नावे मिळणाऱ्या मानधनात ढोलवादकाचा वाटा किती असावा आणि वादनाचे शिक्षण दास कुटुंबांबाहेरील मुलांना खुले झाल्यास त्या कुटुंबांचा उरलासुरला अधिकार कसा राखावा, हे दोन्ही प्रश्न अखेर गावाच्या पंचांसमोरच येतात. आणि तेथे वादकाचा आवाज किती पोहोचतो, यावर त्यांची उत्तरे अवलंबून आहेत.