लांबलेली ओळ एडिटरनेच दाखवावी

आजचा विषय लहानसा आहे, पण रोजच्या कामातला. प्रोग्रॅम लिहिताना ओळ हद्दीबाहेर गेली, हे आपल्याला कळावं कसं?

आता तुम्ही म्हणाल, गेली तर बिघडलं काय? संगणकाचं काहीच बिघडत नाही. अडतं ते वाचणाऱ्याचं. माझाच अनुभव सांगतो. एका सहकाऱ्याने केलेला बदल मी तपासत होतो. डावीकडे जुना कोड, उजवीकडे नवा. एका लांब ओळीच्या शेवटी जोडलेली अट पडद्याच्या कडेपलीकडे गेली होती. मी पान आडवं सरकवलंच नाही, ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा झालो. चूक नेमकी त्या अटीत होती. ती शोधायला दोन दिवस गेले.

मग हद्द कुठे धरायची? आयबीएमच्या 1928 सालच्या पंचकार्डावर 80 स्तंभ होते. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवरही नेहमीची ओळ 80 चीच. कार्डं गेली, आकडा राहिला. पायथनच्या पेप 8 या नियमावलीत 79 आहे. लिनक्स कर्नेलच्या तपासणी-प्रोग्रॅमने 2020 मध्ये इशाऱ्याची हद्द 80 वरून 100 वर नेली. आकडा कोणताही घ्या, पण सगळ्या गटाचा एकच असू द्या.

विम वापरणाऱ्यांनी ‘सेट कलरकॉलम’, पुढे बरोबरचं चिन्ह आणि 81 असं लिहावं. ‘कलरकॉलम’ हा शब्द जोडून. एक्क्याऐंशीव्या स्तंभावर रंगीत उभा पट्टा दिसतो. व्हीएस कोडमध्ये सेटिंग्जमध्ये ‘रूलर्स’ शोधून चौकोनी कंसात 80 टाका.

पण पट्टा प्रत्येक ओळीवर कायमच दिसतो, आणि डोळ्याला त्याची सवय होते. त्यापेक्षा फक्त हद्दीबाहेरची अक्षरं रंगवलेली बरी. त्यासाठी विममध्ये ‘मॅच’ ही आज्ञा आहे. तिच्या नमुन्यात 80 नंतर ‘व्ही’ लिहायचा की ‘सी’, इथे मराठी माणसाने सावध राहावं. ‘सी’ म्हणजे बाइट, ‘व्ही’ म्हणजे पडद्यावरचे स्तंभ. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ या एका अक्षराचे बारा बाइट होतात! ‘सी’ लिहिलात तर मराठी टिप्पणी पहिल्या चार-पाच शब्दांतच लाल होईल. म्हणून ‘व्ही’च लिहा.

कुणीतरी विचारलंय, “सर, मग एडिटरलाच ओळ आपोआप तोडू द्यावी की!” नको. वेबपत्त्यासारख्या काही ओळी लांबच असायला हव्यात. पत्ता मध्येच तोडला तर तो चालणारच नाही. एडिटरने फक्त बोट दाखवावं. तोडायची की नाही, आणि कुठे, हे आपण ठरवावं. कारण ती ओळ उद्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायची आहे.