जमिनीतला धातू यंत्राला किती खोलवर कळतो?



आपल्यापैकी काही सभासदांनी खाली कोकणात, म्हसळा-श्रीवर्धन बाजूला आंबा-काजूसाठी जमिनी घेतल्या आहेत. त्यांच्याकडून आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. म्हसळ्याचा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, आणि जुनी राजवट म्हटली की पुरलेल्या धनाच्या गोष्टी आल्याच. गोष्टींच्या मागोमाग यंत्रवाले येतात. "आमची मशीन तीस फूट खालचं सोनं दाखवते, आगाऊ रक्कम ठेवा," असे सांगतात. यात खरे किती? आपल्या गावातही असे लोक येणारच नाहीत असे नाही. उसाच्या बिलातले पैसे कुणाच्या हाती ठेवण्याआधी हे यंत्र चालते कसे, ते समजून घेतलेले बरे.

यंत्र काम कसे करते

मेटल डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला जी गोल चकती असते, तिला कॉइल म्हणतात. आपल्या पाण्याच्या मोटारीत वायंडिंग असते, तशीच तांब्याच्या तारेची वेटोळी या चकतीत असतात. त्यांतून सतत बदलणारा विजेचा प्रवाह सोडला की चकतीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते व ते जमिनीत उतरते. तिथे धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखा बारीक प्रवाह फिरू लागतो. त्या प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र उलट वर येते, चकती ते पकडते, आणि यंत्र आवाज देते. म्हणजे यंत्राला सोने "दिसत" नाही. ते हाक मारते आणि धातूकडून आलेली ओ ऐकते.

खोलीची सारी अडचण या हाकेत आहे. चकतीपासून लांब जाताना हाक फार झपाट्याने क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की ती आठवा हिस्सा उरते. परत येणारी ओसुद्धा त्याच प्रमाणात क्षीण होते. आठा आठा चौसष्ट! म्हणजे तीच वस्तू दुप्पट खोल गेली की यंत्राकडे येणारी खूण चौसष्टावा हिस्सा उरते. उलट बाजूने पाहा. यंत्राचा जोर दुप्पट केला तर खोली जेमतेम आठव्या हिश्श्याने वाढते. आठ इंचांवर वाजणारे नाणे नऊ इंचांवर वाजेल, एवढेच. हा निसर्गाचा नियम आहे. कोणत्याही कंपनीला तो मोडता येत नाही.

हा अनुभव फार जुना आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी अंगातली गोळी शोधण्यासाठी असेच यंत्र तयार केले. गोळी अपेक्षेपेक्षा खोल होती, त्यात पलंगाला लोखंडी स्प्रिंगा! यंत्राला गोळी सापडली नाही, अध्यक्षही वाचले नाहीत. खोली आणि आजूबाजूचा गलका हे दोन शत्रू तेव्हाही होते, आजही आहेत.

चकती मोठी असली तर?

चकतीचा व्यास वाढवला की क्षेत्र अधिक खोल पसरते, हे खरे. साधारण ठोकताळा असा, की मध्यम चकतीला रुपयाएवढे नाणे तिच्या व्यासाइतक्या किंवा त्याहून थोड्या कमी खोलीवर कळते. सहा इंची चकतीला चार-पाच इंच, दहा इंची चकतीला आठ-नऊ इंच. पंधरा इंची चकतीला कोयता, फाळ किंवा हंड्यासारखी मोठी वस्तू दीड-दोन फुटांवर कळू शकते.

पण मोठ्या चकतीचे तोटेही आहेत. तिचे क्षेत्र रुंद पसरते, त्यामुळे लहान नाण्याची किंवा खिळ्याची ओ त्यात हरवते. तीन वस्तू जवळजवळ असल्या तर तिन्ही मिळून एकच आवाज येतो. नेमकी जागा सापडत नाही, वजनाने हात भरून येतो, आणि चकतीखालची माती जास्त म्हणून मातीचा गलकाही जास्त. म्हणून पडक्या घराच्या आवारात, जिथे खिळे-पत्रे विखुरलेले असतात, तिथे लहान चकतीच उपयोगी. मोकळ्या रानात मोठी वस्तू शोधायची तर मोठी घ्यावी.

आणखी एक बाब आपल्या कामाची. खोली चकतीपासून मोजतात, जमिनीपासून नव्हे. पाचटाचा चार इंचांचा थर असला आणि चकती त्याच्यावरून फिरवली, तर ते चार इंच आधीच खर्ची पडले. पाचट बाजूला सारून चकती जमिनीलगत, सावकाश आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवून फिरवली, तर फुकटात खोली मिळते.

महाग यंत्राने काय मिळते

मग स्वस्त आणि महाग यंत्रांत फरक कशाचा? जोराचा नव्हे, कानाचा! जोर वाढवला की मातीची ओही तितकीच वाढते. चांगले यंत्र मातीचा आवाज ओळखून तो वजा करते, विजेच्या तारांच्या गुणगुणीने बिथरत नाही, आणि लोखंड कोणते, तांबे-चांदी कोणती याचा अंदाज देते. हलक्या यंत्राला चार इंचांपुढे गोंधळ होतो, तिथे चांगले यंत्र आठ-दहा इंचांपर्यंत भरवशाने सांगते. पैसे टाकून मिळतात ते इंच. फूट मिळत नाहीत.

काळे रान आणि म्हसळ्याचा जांभा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. म्हसळा-श्रीवर्धनच्या सड्यांवर जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली बाकीची द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. जांभ्याचा तांबडा रंग या लोहाचाच. त्यातले काही कण चुंबकीय असतात आणि यंत्राच्या हाकेला ओ देतात. म्हणजे धातू नसतानाही जमीन बोलते! आपले काळे रान बेसाल्टपासून झालेले, तेही अगदी मुके नाही. पण जांभ्याचा गलका बहुधा जास्त. आपल्याकडे नऊ इंच सांगणारे यंत्र तिकडे पाच-सहा इंचांवरच अडखळले तर त्यात नवल नाही.

खाडीकडच्या खाजणात वेगळीच तऱ्हा. ओल्या खारट मातीतून वीज वाहते, म्हणून तीही खोटी ओ देते. अशा ठिकाणी प्रवाहाचे ठोके देऊन मधल्या शांततेत ऐकणारी, 'पल्स' पद्धतीची यंत्रे बरी चालतात. मात्र लोखंड आणि सोने यांतला भेद त्यांना नीट कळत नाही. खूप खणावे आणि खिळा निघावा, असे होते.

तीस फुटांचे काय?

वरचे सगळे ध्यानात घेतले की उत्तर आपोआप मिळते. दोन पेट्यांची किंवा मीटरभर चौकटीची खास यंत्रे असतात, ती पेटीएवढा धातूचा ऐवज काही फुटांवर सांगू शकतात. पण त्यांना नाणे-दागिना कळतच नाही. हातात धरून तीस फूट खालचे सोने दाखवणारे यंत्र नाही. विशेषतः ज्याला चकतीच नाही, नुसती फिरणारी अँटेना आहे, ते यंत्र म्हणजे शुद्ध लबाडी. इंग्लंडच्या जेम्स मॅककॉर्मिकने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून असले अँटेनावाले यंत्र काढले आणि स्फोटके शोधते म्हणून इराकच्या सरकारला विकले. २०१३ साली त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. सरकारे फसतात, तिथे आपण सावध राहायलाच हवे.

परीक्षा सोपी आहे. यंत्रवाल्याच्या पाठीमागे शेतात दहा खुंट्या रोवा. फक्त तीन खुंट्यांखाली फूटभर खोलीवर लोखंडी पहार आडवी पुरा, बाकीच्या जागाही तशाच उकरून बुजवा. मग त्याला म्हणावे, "दाखवा बघू!" तीस फुटांची बात करणारा फुटावरची पहार चुकला, तर चहा पाजून वाटेला लावावा.

कायदाही लक्षात ठेवावा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. जंजिरा किल्ला, कुड्याची लेणी अशा संरक्षित ठिकाणी खणता येत नाही. आणि गुप्तधनासाठी कुणी अघोरी पूजा, बळी असे काही सुचवले तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. सरळ पोलिसांत जावे. खरा ठेवा सापडतो तो बहुधा अवचित. श्रीरामपूर तालुक्यात, ऊसपट्ट्यातच, दायमाबादला १९७४ साली कांशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा ६० किलोंहून अधिक वजनाच्या प्राचीन मूर्ती निघाल्या, त्या झाडाची मुळी खणताना! आज त्या सरकारी ठेवा आहेत आणि साऱ्या जगाला ठाऊक आहेत.

आपल्या रानात उपयोग

हे यंत्र टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. पाचटात हरवलेला कोयता, ट्रॉलीची पिन, बुजलेला व्हॉल्व्ह, लोखंडी पाइपलाइनची वाट, हे सारे ते चोख शोधते. पीव्हीसी पाइप त्याला कळत नाही. म्हणून पाइप पुरतानाच बांधापासूनची मापे वहीत लिहून ठेवावीत.

कारखान्यातही हाच नियम लागू पडतो. उसाबरोबर आलेले लोखंड ओढून घेण्यासाठी गिरणीच्या वाटेवर लोहचुंबक बसवतात. पण चुंबकाची ओढही अंतराने झपाट्याने घटते. उसाच्या जाड थराच्या तळाशी दडलेला कोयता त्याच्या हाती लागेलच असे नाही. तो आत गेला की रोलरचे दात जातात, गाळप थांबते, आणि नुकसान तुमचे-आमचे सर्वांचे होते. तेव्हा तोडणीच्या टोळीचे कोयते सकाळी मोजून द्यावेत, संध्याकाळी मोजून घ्यावेत. एक कमी भरला तर मोळ्या गाडीत चढण्याआधी शोधावा आणि न सापडल्यास गव्हाणीवर कळवावे.