‘झुंड’ची समीक्षा आणि क्रीडापटाची मोजपट्टी

पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या पश्चिमेस ‘सैराट’च्या नायिका रिंकू राजगुरू यांचे अकलूज आणि उत्तरेस, करमाळा तालुक्यात, दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे जेऊर असल्याने, ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘झुंड’कडे या टापूने मंजुळे यांच्याच ‘सैराट’च्या (२०१६) चष्म्यातून पाहणे स्वाभाविक होते. चित्रपट मात्र हिंदी होता, कथा नागपूरची होती आणि तिचा आधार झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवणारे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांचे कार्य हा होता. अमिताभ बच्चन यांनी रंगवलेल्या पात्राचे नाव विजय बोराडे असे ठेवलेले आहे.

प्रदर्शनानंतरच्या परीक्षणांत वस्तीतील नवख्या मुलांच्या अभिनयाचे आणि आंबेडकर जयंतीच्या प्रसंगाचे कौतुक झाले. तक्रार होती ती जवळजवळ तीन तासांच्या लांबीची आणि मध्यंतरानंतर मंदावणाऱ्या गतीची. या तक्रारीमागे क्रीडापटाचा, म्हणजे दुबळा संघ अपमान गिळून सराव करतो व अखेरच्या सामन्यात जिंकतो अशा ठरीव बांधणीच्या चित्रपटाचा, संकेत गृहीत धरलेला होता. ‘झुंड’मध्ये महाविद्यालयीन संघाविरुद्धचा सामना मध्यंतरापूर्वीच आटोपतो आणि पुढील संघर्ष पारपत्र, ओळखीचे दाखले व पोलिसांतील नोंदी यांच्याशी होतो; ज्याच्याकडे कागदच नाही त्याच्यासाठी चिकाटी म्हणजे कचेरीचे खेटे, हे प्रतिपादन त्या ‘मंद’ भागातच आहे.

क्रीडापटाच्या ठरीव संकेताने मोजण्याची ही गफलत एकट्या ‘झुंड’च्या वाट्याला आली असे नाही. पिक्सारच्या ‘कार्स’ (२००६) या अ‍ॅनिमेशनपटात नायक अंतिम रेषेपाशी थांबून, अपघातग्रस्त ज्येष्ठ स्पर्धकाला ढकलत नेतो आणि विजय सोडून देतो. त्या कौटुंबिक चित्रपटालाही लांबीचा दोष लावला गेला आणि पिक्सारच्या आधीच्या कृतींच्या तुलनेत तो उणा ठरवला गेला.

पुढे चर्चेचा रोख बदलला. ११ मार्चला आलेल्या ‘द काश्मीर फाइल्स’ला अनेक राज्यांनी करमुक्ती दिली, म्हणजे तिकिटावरील वस्तू व सेवा कराचा राज्याचा हिस्सा माफ केला, तेव्हा ‘झुंड’च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी आपल्या चित्रपटास ती का नाही, असा जाहीर प्रश्न केला. प्रश्न रास्त होता. त्यावरील वादात मात्र चित्रपटाची कलात्मक चिकित्सा मागे पडली. २०२३ मध्ये ‘झुंड’मधील अंकुश गेडाम यांना पदार्पणाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि अभिनयाविषयीचे पहिले मत पक्के झाले. लांबीविषयीचे मत मात्र फेरविचार मागते: पूर्वार्धातील काही प्रसंगांना कात्री चालली असती, कागदपत्रांच्या उत्तरार्धाला नाही.