कमी खर्चात समाजकार्याची पदवी : चेन्नईतील पर्याय कसे पारखावेत?

प्रस्तावना

समाजकार्याचे शिक्षण घ्यावे असे वाटते, पण घरची परिस्थिती बेताची आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी हा पाठ आहे. उदाहरणासाठी चेन्नई शहर घेतले आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी तमिळनाडूत गेलेल्या कुटुंबांतील मुले आज तिथे पदवीच्या उंबरठ्यावर आहेत. नोकरीनिमित्त चेन्नईला गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. तुम्ही त्यांपैकी असाल किंवा महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाण्याचा विचार करत असाल, तरी पुढील मुद्दे उपयोगी पडतील.

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• पदवीचा एकूण खर्च काढणे.
• अनुदानित व विनाअनुदानित जागांतील फरक ओळखणे.
• आपला जातीचा व रहिवासाचा दाखला कोणत्या संस्थेत चालतो, हे ठरवणे.
• मुक्त विद्यापीठाचा पर्याय तपासून घेणे.

1. बीएसडब्ल्यू की थेट एमएसडब्ल्यू?

समाजकार्यात दोन मुख्य पदव्या आहेत. बारावीनंतरची बीएसडब्ल्यू आणि पदवीनंतरची दोन वर्षांची एमएसडब्ल्यू (काही महाविद्यालयांत हिला एमए समाजकार्य म्हणतात). रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, प्रकल्प समन्वयक अशा पदांसाठी बहुधा एमएसडब्ल्यू मागतात.

एमएसडब्ल्यूला प्रवेश घेण्यासाठी साधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी चालते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. म्हणून खाजगी महाविद्यालयात जास्त शुल्क भरून बीएसडब्ल्यू करण्यापेक्षा शासकीय महाविद्यालयात बीए करून मग एमएसडब्ल्यूकडे वळणे पुष्कळांना परवडते. चेन्नईत प्रेसिडेन्सी महाविद्यालय, मुलींसाठी क्वीन मेरीज महाविद्यालय (स्थापना 1914) अशी जुनी शासकीय महाविद्यालये आहेत. त्यांचे पदवी प्रवेश राज्याच्या एकाच ऑनलाइन प्रणालीतून होतात.

2. चेन्नईतील संस्था

मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क ही एग्मोर भागातील संस्था 1952 मध्ये मेरी क्लबवाला जाधव यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मेरीबाई पारशी कुटुंबातल्या. मेजर चंद्रकांत जाधव यांच्याशी विवाह झाल्यावर जाधव हे आडनाव त्यांच्या नावाला जोडले गेले. 1975 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. याशिवाय लोयोला, स्टेला मारिस (फक्त मुलींसाठी) आणि तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातही समाजकार्य शिकवले जाते.

केंद्र सरकारच्या दोन संस्थाही लक्षात ठेवा. चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्था आणि तिरुवारूर येथील तमिळनाडू केंद्रीय विद्यापीठ. यांचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (स्थापना 1936) हीही याच परीक्षेतून प्रवेश देते. म्हणजे एका परीक्षेच्या तयारीत तीन दारे ठोठावता येतात.

3. एकच महाविद्यालय, दोन शुल्के

तमिळनाडूतील अनेक जुन्या महाविद्यालयांत दोन प्रकारच्या तुकड्या चालतात. अनुदानित तुकडीतील शिक्षकांचा पगार सरकार देते, त्यामुळे तिथे शुल्क कमी असते. विनाअनुदानित तुकडीचा सारा खर्च शुल्कातून निघतो. तिकडच्या बोलण्यात यांना ‘एडेड’ आणि ‘सेल्फ फायनान्स’ म्हणतात. दोन्हींवर विद्यापीठ एकच, पदवी तीच.

म्हणून कार्यालयात चौकशी करताना “फी किती?” एवढेच विचारू नका. “या अभ्यासक्रमाची अनुदानित तुकडी आहे का? तिच्यात जागा किती? तिच्यासाठी अर्ज वेगळा करायचा का?” असे विचारा. अर्जात चुकीच्या तुकडीवर खूण केली, तर कमी शुल्काची संधी हातची जाते.

4. दाखला कुठे चालतो?

मराठी विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण इथे होते. तमिळनाडूत राज्याचे आरक्षण 69 टक्के आहे आणि ते त्या राज्याच्या स्वतःच्या जातयादीनुसार मिळते. महाराष्ट्रात मिळालेला अनुसूचित जातीचा किंवा ओबीसीचा दाखला राज्याच्या या जागांसाठी चालत नाही. असा विद्यार्थी खुल्या 31 टक्क्यांत मोजला जातो. केंद्राचे 10 टक्के आर्थिक दुर्बल घटक आरक्षणही तमिळनाडूने आपल्या महाविद्यालयांत लागू केलेले नाही.

केंद्रीय संस्थांत चित्र वेगळे असते. तिथे महाराष्ट्राचा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला चालतो. ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत नाव आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. या कोणत्याही यादीत नसलेल्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी असल्यास व इतर अटी पूर्ण होत असल्यास, आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येतो. म्हणून राखीव प्रवर्गातील मराठी विद्यार्थ्याने श्रीपेरुम्बुदूर आणि तिरुवारूर यांचा विचार आधी करावा.

शिष्यवृत्तीचेही तसेच. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे ते राज्य देते. शिक्षण दुसऱ्या राज्यात चालू असले तरी. अनुसूचित जातींसाठी उत्पन्नमर्यादा 2.5 लाख रुपये आहे. महाराष्ट्राचे रहिवासी असाल तर प्रवेश घेण्यापूर्वीच आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन परराज्यातील महाविद्यालयासाठी कोणती कागदपत्रे लागतात ते विचारा. प्रवेशानंतर धावपळ केली तर मुदत टळते.

तमिळनाडूतच शाळा शिकलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. सहावी ते बारावी शासकीय शाळेत शिकलेल्या मुलींना ‘पुदुमै पेण’ योजनेतून पदवी शिक्षण चालू असेपर्यंत दरमहा 1,000 रुपये मिळतात (सुरुवात 2022). मुलांसाठी अशीच ‘तमिळ पुदल्वन’ योजना 2024 मध्ये आली.

5. क्षेत्रकार्याचा खर्च

समाजकार्याच्या विद्यार्थ्याला वर्गाबरोबर क्षेत्रकार्य करावेच लागते. आठवड्यातले साधारण दोन दिवस एखाद्या वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत काम करायचे, त्याचा अहवाल लिहायचा. शिवाय ग्रामीण शिबिर, अभ्यास सहल आणि शेवटी सलग काही आठवड्यांचे प्रत्यक्ष काम. याचे मानधन बहुधा मिळत नाही; उलट प्रवास, झेरॉक्स, बाहेरचे जेवण यांवर खिशातून खर्च होतो. दिवसाची नोकरी सांभाळून हे करणे कठीण असते. माहितीपुस्तिकेतील शुल्कात हा खर्च बहुधा दिसत नाही.

तो कमी करण्याचे मार्ग आहेत. तमिळनाडूत 2021 पासून महिलांना शहर बसच्या साध्या सेवेत तिकीट लागत नाही. लोकलसाठी विद्यार्थी पास काढता येतो. क्षेत्रकार्याची संस्था ठरवताना घराजवळची जागा मागून घ्या.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. वर्गात इंग्रजी चालते, पण वस्तीत तमिळच बोलावी लागते. चेन्नईत वाढलेल्या मराठी मुलांना हे सोपे जाते. नव्याने जाणाऱ्यांनी निदान बोलण्यापुरती तमिळ आधी शिकावी. नाहीतर पैसे भरूनही शिकणे अर्धेच होते.

6. मुक्त विद्यापीठ

इग्नूचे बीएसडब्ल्यू व एमएसडब्ल्यू अभ्यासक्रम आहेत आणि चेन्नईत त्याचे विभागीय केंद्र आहे. तमिळनाडू मुक्त विद्यापीठही (स्थापना 2002) चेन्नईतच आहे. कोणतेही मुक्त विद्यापीठ निवडताना तीन गोष्टी पाहा :

• विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चालू वर्षाच्या यादीत त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम आहे का? केवळ विद्यापीठाचे नाव असून भागत नाही.
• क्षेत्रकार्य कोणाच्या देखरेखीखाली होते? क्षेत्रकार्य नसलेली समाजकार्याची पदवी स्वस्त असली तरी घेऊ नका.
• पुढे काय करायचे आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणजेच सायकियाट्रिक सोशल वर्कर होण्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल लागते. त्या वाटेने जायचे असल्यास एमफिलच्या संस्था कोणती एमएसडब्ल्यू स्वीकारतात, हे आधीच विचारून घ्या.

7. हिशेब कसा करावा?

पुढील आकडे काल्पनिक आहेत. फक्त रीत समजण्यासाठी दिले आहेत.

महाविद्यालय ‘अ’ : वार्षिक शुल्क 45,000, घरी राहून शिक्षण, क्षेत्रकार्याचा खर्च 10,000. एकूण 55,000 रुपये.
महाविद्यालय ‘ब’ : वार्षिक शुल्क 12,000, वसतिगृह व जेवण दरमहा 6,000 प्रमाणे 10 महिन्यांचे 60,000, क्षेत्रकार्याचा खर्च 10,000. एकूण 82,000 रुपये.

शुल्क पाहिले तर ‘ब’ स्वस्त, एकूण खर्च पाहिला तर ‘अ’. पण ‘ब’मध्ये 30,000 रुपयांची शिष्यवृत्ती खात्रीने मिळणार असेल, तर खर्च 52,000 वर येतो आणि निर्णय पुन्हा बदलतो. मात्र शिष्यवृत्ती बहुधा उशिरा जमा होते. पहिल्या सहामाहीचे पैसे हाताशी आहेत, असे धरूनच प्रवेश घ्या.

सारांश

पदवी स्वस्त आहे की नाही, हे शुल्क, राहणे, क्षेत्रकार्य व शिष्यवृत्ती मिळून ठरते. अनुदानित जागा आणि केंद्रीय संस्था आधी पाहाव्यात. दाखला कोणत्या राज्याचा आहे, यावर सवलती अवलंबून असतात. आणि चांगले क्षेत्रकार्य नसेल, तर कमी खर्चाची पदवीही महागच पडते.

स्वाध्याय

1. तुमच्या आवडीच्या दोन महाविद्यालयांचा एकूण वार्षिक खर्च वरील रीतीने काढा.
2. तुमच्याकडील दाखल्यांची यादी करा. प्रत्येक दाखला राज्याच्या व केंद्राच्या संस्थेत चालतो का, ते लिहा.
3. महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारायचे पाच प्रश्न तयार करा.