वजनकाट्याला न दिसणारा बदल

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटेपासून चालणाऱ्यांची वर्दळ असते. चालणं हृदयासाठी उत्तमच. पण अंगातले स्नायू राखायला तेवढ्यावर भागत नाही. त्यासाठी भार पेलावा लागतो.

बारीक, तरी चरबी जास्त

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे अशी शरीरं घरोघरी आहेत: हातपाय काटकुळे, पोट पुढे.

स्नायूंमुळे चयापचय किती वाढतं?

थोडंच. आराम करतानाही एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. दोन किलो स्नायू कमावले, तरी जादा खर्च २६ किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा तूप. ‘बसल्या जागी चरबी जळेल’ ही जाहिरातबाजी झाली.

खरी कमाई साखरेची

जेवणानंतर रक्तातली साखर साठवणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू. बैठक मारताना मांडीचे स्नायू आकसतात, तेव्हा ‘ग्लुट-४’ हे साखरवाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतात. तिशीनंतर मात्र दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं, तर चरबीसोबत स्नायूही जातात. भाराचा व्यायाम जोडला, तर ते बरेचसे टिकतात.

तालमीची रीत

२०२० चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर नाशिककडून लढला. त्याच्यासारख्या पैलवानांची जोर-बैठकांची मेहनत हा भाराचाच व्यायाम. तिथे भार आपल्याच शरीराचा. नेम एकच: आकडा हळूहळू वाढवायचा.

सुरुवात कशी करावी?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला जोर, मग डंबेल. श्वास रोखू नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं. प्रथिनं शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज किमान ०.८३ ग्रॅम हवीत. त्यासाठी ताटात उसळ, डाळ, दही, अंडी असावीत. प्रगती मोजायला शिंप्याची टेप घ्यावी: कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.