चकाकी कुठे, खरखर कुठे?

घराचे काम काढले की ग्रॅनाइटच्या दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात : रंग कोणता आणि फुटाचा भाव काय? दगडाला फिनिश कोणते हवे, हा तिसरा प्रश्न मात्र राहून जातो. मग एकच आरशासारखा गुळगुळीत दगड स्वयंपाकाच्या ओट्यावर, जिन्यावर, न्हाणीघरात आणि अंगणाच्या पायऱ्यांवरही बसतो. पहिल्या पावसात आजोबांचा पाय घसरला की बोल लावला जातो दगडाला. खरे तर दगड योग्यच असतो, चुकते ते त्याचे फिनिश.

हा निर्णय खरेदीआधीच घ्यावा लागतो. संगमरवर किंवा कोटा फरशी जागेवर बसवून मग मशीनने घासता येते. ग्रॅनाइट इतके कठीण असते की त्याचे फिनिश बहुतेक वेळा कारखान्यातच करून येते. त्यातील खनिजांपैकी क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापावर ७, तर फेल्डस्पारची ६ असते. म्हणूनच ओट्यावर सुरीचे ओरखडे सहसा उठत नाहीत.

फिनिशचे प्रकार

पॉलिश : क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या अपघर्षकांनी दगड घासत नेला की पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि रंग गडद दिसतो. दगडाचा रंग सर्वांत खुलतो तो याच फिनिशमध्ये.

होन्ड किंवा मॅट : घासण्याचे काम शेवटच्या चकाकीआधीच थांबवतात. पृष्ठभाग सपाट, पण निस्तेज राहतो. काळा दगड यात राखाडीकडे झुकतो आणि त्यावर तेलकट बोटांचे ठसे चटकन दिसतात.

लेदर : अपघर्षक तारांच्या ब्रशने दगड घासतात. मऊ खनिजे जास्त झिजतात, कठीण खनिजे वर राहतात आणि हाताला हलके चढउतार लागतात. रंगाची खोली बऱ्यापैकी टिकते, ठसे आणि बारीक डाग लपतात.

फ्लेम : दगडावरून प्रखर ज्योत फिरवतात. सुमारे ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते, तो एकाएकी फुगतो आणि वरचा थर खपल्यांनी उडतो. उरतो तो खरखरीत, पायाला पकड देणारा, रंगाने जरा फिका पृष्ठभाग. थर उडत असल्याने दगड जाड हवा. किमान २० मिलिमीटरचा आग्रह धरावा.

लपोत्रा : खडबडीत केलेल्या दगडाचे उंचवटे तेवढे घासून अर्धवट चकाकी आणतात. पकडही राहते आणि रंगही दिसतो.

काळ्या दगडाची गोष्ट वेगळी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. त्यामुळे आपल्याकडील दुकानांत ग्रॅनाइट येते ते मुख्यतः आंध्र, तेलंगणा, कर्नाटक आणि राजस्थानातून. त्यातले काळे दगड भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतातच. ते डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचे असतात. त्यांत क्वार्ट्झ अगदी कमी, म्हणून ज्योतीचा परिणाम गुलाबी किंवा करड्या ग्रॅनाइटइतका चांगला होत नाही. काळ्याला पकड हवी असेल तर लेदर किंवा लपोत्रा पाहावे. आंध्रातील प्रकाशम जिल्ह्यात चिमाकुर्तीला निघणारा ब्लॅक गॅलेक्सी प्रसिद्ध आहे तो त्यातल्या सोनेरी ठिपक्यांमुळे. हे ठिपके ब्रॉन्झाइट या खनिजाचे असतात आणि पॉलिशमध्येच उठून दिसतात. असा दगड महागात घेऊन खडबडीत करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

कोणत्या जागी काय?

स्वयंपाकाच्या ओट्याला पॉलिश उत्तम. फोडणीचे तेल, हळद, सांडलेले दूध एका फडक्यात निघते. रोज चकाकी पुसत बसायचा कंटाळा असेल तर गडद रंगात लेदर घ्यावे. पण खोलगट भागांत पीठ आणि तेल अडकते, तेव्हा सिंकजवळ ते पुन्हा पुन्हा घासण्याची तयारी हवी.

घरातल्या जिन्याला पॉलिश चालते, मात्र पायरीच्या कडेजवळ खाचा मारून घ्याव्यात. घरात वयस्कर माणसे वा लहान मुले असतील तर लेदरच बरे. न्हाणीघराच्या भिंतींना पॉलिश आणि जमिनीला लेदर ही जोडी जमते. तिथे फ्लेम लावले तर पाय घसरत नाही, पण साबणाचा थर आणि क्षार खडबडीत भागात धरून बसतात.

अंगण, गाडीचा उतार आणि बाहेरच्या पायऱ्यांना फ्लेम किंवा लपोत्रा. कोकणात पावसाळ्यात त्यावरही शेवाळ धरते, तेव्हा ताठ ब्रशने घासणे चुकत नाही. गच्चीवर किंवा उघड्या ओसरीत काळा दगड टाळावा. उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. खिडकीच्या चौकटी, उंबरा आणि देवघर यांना पॉलिश शोभते.

घेण्यापूर्वी आणि नंतर

दुकानातला छोटा नमुना पुरेसा नाही. ज्या लॉटमधून दगड येणार त्याचाच तुकडा मागा. त्यावर पाणी टाकून थोडा वेळ थांबा. ओला डाग गडद होऊन रेंगाळला तर दगड पाणी पितो, त्याला सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) लागेल. काळ्या दगडावर ॲसिटोन लावलेला कापूस फिरवा. कापूस काळा झाला तर रंग चढवलेला असू शकतो. लिंबाच्या रसाने चकाकी मंदावली तर तो कडाप्पा किंवा तत्सम चुनखडीचा दगड असण्याची शक्यता आहे.

बसवल्यावर संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड ग्रॅनाइटवर ओतू नये. त्याने सांध्यातले सिमेंट खराब होते आणि काही दगडांवर कायमचे डाग पडतात. सौम्य साबण आणि पाणी पुरते. खरखरीत दगडाचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्याला सीलरही जास्त लागतो. पाणी मुरू लागले की तो पुन्हा लावावा.

सूत्र एकच : जिथे पाणी आणि पाय एकत्र येतात तिथे पकड निवडा, जिथे तेल आणि फडके तिथे चकाकी. आणि बिलावर रंगाच्या नावाशेजारी फिनिश आणि जाडी न चुकता लिहून घ्या.